वीस-बावीस किलोमीटरचा मोहल्ला

आमच्या मोठमायला, म्हणजे मोठ्या काकूला, कुणी गावाची वस्ती विचारली की ती उलटा सवाल करते, "कोनती सांगू बाप्पा? घरातली, का यस्टीतली?" विचारणारा हसतो, पण सवाल चोख आहे. कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नागपूर-तुळजापूर महामार्गावर, यवतमाळपासून वीस-बावीस किलोमीटर. तहसील, पंचायत समिती, कोर्ट, बँका, शाळा, दवाखाना सगळं आहे, आणि ते चालवणारी बरीचशी माणसं सकाळी यवतमाळहून येतात, दिवे लागायच्या आत परत जातात. त्याच सकाळी कळंबची माणसं यवतमाळला निघालेली असतात. कॉलेजातली पोरं, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले कामगार, कापडाच्या दुकानात उभ्याने दिवस काढणाऱ्या पोरी, मेडिकल कॉलेजात भरती असलेल्याचा डबा घेऊन निघालेला भाऊ. दोन्ही बसगाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडतात, ड्रायव्हर हात वर करतात, आणि दिवसापुरती गावाची अदलाबदल होते.

"पोट्टा काय करते?" "यवतमाळले अपडाउन करते." आमच्याकडे एवढं उत्तर पुरतं. नोकरी कोणती ते मागाहून विचारतात.

माझा एक चुलतभाऊ बदलापूरला राहतो आणि रोज मुंबईला जातो. त्याला आमच्या या अपडाउनची गंमत वाटते. त्याचं बदलापूर मुंबई सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. "तुमचं यवतमाळ संपतं तेव्हा मी ठाण्यातसुद्धा पोचलेलो नसतो," असं तो म्हणतो. खरं आहे. पण त्याचं उपनगर रुळाने वसवलेलं. १८५३ साली ठाण्यापर्यंत गाडी आली, पुढे ती कल्याणला गेली, आणि रुळाच्या कडेला माणसं झोपायला जागा शोधत गेली. कळंबचं तसं नाही. कळंब यवतमाळच्या आधीचं, आणि एके काळी वरचढही होतं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची सरकारं मोजलेली आहेत. त्यांत कळम हे एक सरकार आहे. सरकार म्हणजे ढोबळमानाने आजचा जिल्हा. त्या यादीत यवतमाळ नावाचं सरकार नाही. यवतमाळ येतं ते योत-लोहारा अशा जोडनावाने, परगणा म्हणून. तेव्हा साहेबापुढे कागद ठेवायला माणसं कळंबला येत असणार आणि मुक्कामाला गावी परतत असणार. आमच्या आजोबांना, आबाजींना, ऐन-ए-अकबरी ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "यवतमाळ कालचं हाय. कळंब गनपतीच्या वक्ताचं हाय."

गणपती म्हणजे चिंतामणी. चक्रावती नदीकाठच्या या गावाला पुराणवाले कदंबपूर म्हणतात, आणि विदर्भातल्या अष्टविनायकांत ते मोजलं जातं. देऊळ जमिनीच्या पातळीखाली. पायऱ्या उतरून जायचं, पुढ्यात कुंड, आणि दक्षिणेकडे तोंड करून बसलेला देव. गौतम ऋषींच्या शापातून सुटायला इंद्राने इथे तप केलं अशी कथा. काही वर्षांनी कुंडाचं पाणी आपसूक चढतं आणि मूर्तीच्या पायाला लागून उतरतं. त्याला गंगा येणं म्हणतात. लोक बारा वर्षांचा हिशेब सांगतात, पण पाणी काही पंचांग पाहून चढत नाही.

मोठमाय महाराष्ट्र झाला त्या वर्षी, १९६० साली, लग्न होऊन कळंबला आली. घरातले जन्म-मृत्यू ती सनावर सांगत नाही. "गंगा आली त्याच्या दुसऱ्या सालची गोठ" अशी तिची कालगणना. गंगा आली की यवतमाळ, राळेगाव, बाभुळगावपासून बायका पायी यायच्या, आमच्या ओसरीत झोपायच्या, पहाटे दर्शन घेऊन उलट पावली निघायच्या. माघातल्या यात्रेला तर अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. "तवा लोक इकडं येत होते," ती म्हणते, आणि 'इकडं' वर जोर देते.

लोकांची तोंडं तिकडं कधी वळली? आबाजींच्या हिशेबाने दोष कापसाचा. त्यांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा, त्यामुळे त्यांच्या गोष्टींतल्या अर्ध्या त्यांच्या बापाच्या असत. पण सांगायचे अशा थाटात, की जणू बंडीवर स्वतःच बसले होते. १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळाची गाडी सुरू झाली. किलिक निक्सन या इंग्रज पेढीने ती उभी केली. पुढे लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या रुळावर न्यायचा, तिथून मुंबईच्या बंदरात, तिथून विलायतेतल्या गिरण्यांत, एवढ्यासाठी ती होती. दोनच वर्षांनी, १९०५ साली, जिल्ह्याचं जुनं वणी हे नाव गेलं आणि यवतमाळ आलं. रूळ, जीन, बाजार आणि कचेरी एकाच गावी. कळंबला यातलं काही मिळालं नाही. मिळाला तो रस्ता.

दिवाळी उलटली की रात्रीच्या बंड्या निघायच्या. कापूस दाबून दाबून भरलेला, वर ताडपत्री नाहीतर जुनं लुगडं, आखाखाली कंदील बांधलेला. यवतमाळ पठारावर आणि कळंब खाली, त्यामुळे जाताना चढ. बैलांना उन्हाचा त्रास नको म्हणून जेवणं आटोपून जुंपायचं आणि उजाडता जिनाच्या फाटकाशी पोचायचं. पंधरा-वीस बंड्या एकामागे एक. पहिल्या बंडीवरचा तेवढा जागा, बाकीचे कापसावर झोपलेले. बैलांना वाट पाठ. आबाजी सांगायचे, एकदा चोरांनी शेवटच्या बंडीचे बैल अलगद वळवून उलट्या तोंडाने चालते केले. गडी पहाटे उठला तो कळंबच्याच वेशीवर. कापूस बंडीत जसाच्या तसा. चोरांना वाटेत कोणीतरी हटकलं असावं, ते पळाले, आणि बैल आपले घरी आले. ही गोष्ट मी पुढे आर्णीच्या आणि दारव्ह्याच्या माणसांकडूनही त्यांच्या-त्यांच्या आजोबांच्या नावावर ऐकली. बैल मात्र सगळीकडे शहाणेच.

जिनात माप लागायचं, अडत्या पट्टी द्यायचा, त्यातून उधारी वजा व्हायची, उरलेल्या पैशात मीठ, रॉकेल, एखादं लुगडं. दुपारी बैलांना पाणी पाजून परत. म्हणजे हेही अपडाउनच. मी एकदा असं म्हटलं, तर आबाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अन् वावरात जातो ते कायं रे लेका?"

ते मला तेव्हा उमगलं नाही, पण आता वाटतं या सगळ्यातलं पक्कं तेच. आमच्याकडे घरं गावठाणात आणि वावर कोस-दीड कोस लांब. कुणबी सकाळी भाकर बांधून निघतो, अर्ध्या-पाऊण तासाने धुऱ्यावर पोचतो, दिवेलागणीला परततो. घर एकीकडे आणि पोट दुसरीकडे ही काही शहराने आणलेली नवलाई नाही. चेझरे मार्केती नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की कुठल्याही काळातला माणूस रोजच्या जाण्यायेण्यात साधारण तासभर घालवतो. वाहन वेगवान झालं तर तो लवकर घरी येत नाही, लांब राहायला जातो. सगळ्यांना हा हिशेब लागू पडत नाही, बदलापूरच्या चुलतभावाला तर मुळीच नाही. पण आबाजींचं वावर आणि माझ्या वडिलांची यवतमाळची कचेरी, दोन्ही घरापासून जवळपास सारख्याच वेळाच्या अंतरावर होती.

मधला टप्पा मोटारींचा. खासगी सर्व्हिस मोटारी आबाजींनी तरुणपणी पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची टाकी लावून त्या वायूवर मोटारी चालत. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. "तिकीट बी काढा अन् ढकला बी," हे आबाजींचं त्या काळावरचं एकूण मत. मग स्वातंत्र्य आलं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. नागपूरकडे पाहायची सवय झालेल्या आमच्या म्हाताऱ्यांना मुंबई राजधानी म्हणून फार लांब वाटायची. त्यांच्या दृष्टीने बदल एवढाच झाला की साहेब घाटावरचे येऊ लागले आणि कळंबला बदली झाली म्हणून कुरकुरू लागले.

ते कुरकुरत, पण राहत. हे महत्त्वाचं. साठच्या दशकात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मराठी शाळेचे एक गुरुजी बिऱ्हाडाने होते, सांगलीकडचे. मोठमाय नवी नवरी. त्यांच्या मंडळीकडून ती शेंगदाण्याची चटणी शिकली आणि त्यांना तिने ज्वारीच्या कण्या रांधायला शिकवल्या. गुरुजी रात्री ओसरीत कंदील लावून मोठ्या पोरांचा अभ्यास घ्यायचे. पैसे नाहीत, काही नाही. गावात कुणाचं पत्र आलं की वाचायला तेच, तक्रारअर्ज लिहायला तेच, भांडणात मध्यस्थीला तेच. त्यांच्या धाकट्या मुलाचं बारसं आमच्या अंगणात झालं.

मग यस्टीच्या फेऱ्या वाढल्या. आधी सकाळ-संध्याकाळ, मग तासातासाला, मग हात दाखवला की काळी-पिवळी. बस आली म्हणून गावाला दवाखाना जवळ झाला, पोरी कॉलेजात गेल्या. आणि त्याच बसने गुरुजी गेले. पुढचे मास्तर यवतमाळला घर करून राहिले. का राहू नये? त्यांच्या पोरांना चांगली शाळा, नळाला पाणी, बायकोला नोकरीची संधी तिकडे. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण रात्री पत्र वाचायला माणूस उरला नाही, हे मोठमाय अजून बोलून दाखवते.

सरकारचा नियम मात्र मुख्यालयी राहण्याचा. त्याशिवाय घरभाडे भत्ता नाही. मग गावोगाव एक नवी वस्ती उभी राहिली, फक्त कागदावरची. भाडेपावतीवर खोली आहे, खोलीत कांद्याची पोती आहेत, आणि भाडेकरू यवतमाळात आहे. एका गावच्या घरमालकाने एकाच खोलीच्या तीन पावत्या दिल्या होत्या. तिघेही वेगवेगळ्या खात्यांतले, त्यामुळे कुणाची कुणाशी गाठ पडायची भीती नाही. २०१९ साली शासनाने ग्रामसभेचा ठराव मागितला, तेव्हा ग्रामसभांना अचानक आपलं महत्त्व कळलं. मास्तर इथेच राहतात असा ठराव करायचा तर मास्तरांनीही गावाची दोन कामं ऐकली पाहिजेत, असा सरळ व्यवहार. खोटेपणा दोन्हीकडून, आणि दोन्हीकडून समजूतदार.

माझे वडील याच्या उलट बाजूचे. राहायला कळंब, कारकुनी यवतमाळच्या एका कचेरीत. महिन्याचा पास: वीस दिवसांचं भाडं भरा, तीस दिवस जा-ये करा. सकाळच्या बसमध्ये त्यांची डावीकडची, मागच्या चाकाच्या पुढची जागा. बस स्टँडात वळताना खिडकीतून रुमाल आत टाकायचा. तो ज्या सीटवर पडला ती सीट आपली. वडिलांचा रुमाल निळ्या काठाचा होता आणि तो ओळखणारी माणसं त्यावर बसत नसत. कुणी परका बसलाच तर आजूबाजूचे त्याला उठवत, वडिलांना बोलावं लागत नसे.

लहानपणी सुटीत मी एक-दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. पेपर एकच, पण त्याची पानं सुटी होऊन पूर्ण बसभर फिरत. अग्रलेख मागच्या बाकावर, निधनवार्ता ड्रायव्हरच्या पाठीमागे. खर्ऱ्याची पन्नी हातोहात जाई. बँकेतले एक बाबू गुडघ्यावर पॅड ठेवून कुणाचा तरी पीककर्जाचा फॉर्म भरत. भिशीची चिठ्ठी निघे ती कंडक्टरच्या हातून, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. आमच्या नात्यातली दोन लग्नं त्या बसमध्ये जुळली. मुलीचे वडील आणि मुलाचे काका वर्षानुवर्षं शेजारी बसत होते, पत्रिका बघायची वेळच आली नाही. कुणी निवृत्त झालं की शेवटच्या दिवशी हार ड्रायव्हरच्याही गळ्यात पडे.

आणि उलट दिशेची माणसं आमच्या घरी. यवतमाळहून येणाऱ्या एक शिक्षिका बाळंतपणाची रजा संपल्यावर तान्ह्या मुलीला सोबत आणायच्या. शाळा आमच्या घराला लागून. आईने आमचा जुना पाळणा आढ्याला पुन्हा टांगला. बाई पोरीला पाळण्यात घालून शाळेत जायच्या, मधल्या सुटीत येऊन पाजायच्या, संध्याकाळच्या बसला तिला पदराखाली घेऊन निघायच्या. ती पोर चालायला आमच्या अंगणात शिकली. तिच्या घराच्या शेजारी यवतमाळात कोण राहत होतं, तिला सांगता यायचं नाही. आमच्याकडची गाय तिला नावाने ठाऊक होती.

म्हणून कुणी म्हटलं की अपडाउनवाल्यांना शेजार नसतो, तर मला पटत नाही. त्यांचा मोहल्ला वीस-बावीस किलोमीटर लांब असतो, इतकंच. उलट मी आता ज्या लेआउटमध्ये राहतो, तिथे डावीकडच्या घरातल्या माणसाला मी त्याच्या कारच्या रंगावरून ओळखतो. प्लॉट सरळ रेषेत, रस्ते सिमेंटचे, प्रत्येक फाटकावर नावाची पाटी. सकाळी नऊला सगळी फाटकं बंद. रस्ता चौपदरी झाला आणि ज्यांना परवडलं ते बसमधून कारमध्ये गेले, तेव्हाच तो पेपर फिरायचा थांबला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये यस्टीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. तेव्हा काही काळ जुने दिवस आले. एकेका कारमध्ये चौघे-पाचजण, पेट्रोल वाटून. डावीकडच्या शेजाऱ्याशी माझं पहिलं धड बोलणं त्या कारमध्ये झालं. हाल झाले ते पासवाल्या पोरापोरींचे आणि म्हाताऱ्यांचे. काळी-पिवळीवाले म्हणतील ते भाडं. दोन-तीन पोरींचं कॉलेज त्या हिवाळ्यात सुटलं ते सुटलंच.

संप मिटला, आणि त्याच ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना यस्टी फुकट झाली. पुढे १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. जन्मभर ज्यांनी अपडाउनवाल्यांचे डबे भरले, त्या बायका स्वतः बसमध्ये दिसू लागल्या. बहिणीकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नुसतं भाजी स्वस्त मिळते म्हणून. बसमधल्या पुरुषांची कुरकुर अशी की आता रुमाल टाकून उपयोग नाही, रुमालासकट सीट जाते. मोठमायने आधार कार्ड पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं आहे. आठवड्यातून एकदा ती यवतमाळला लेकीकडे जाते, चहा पिते आणि परत येते. काय काम होतं विचारलं तर म्हणते, "तुह्या बापाले इतके वर्षं कोनं इचारलं?"

आणि मग रेल्वे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग, २००९ साली भूमिपूजन झालेला. मोजणीवाले आले, दगड रोवले, मोबदल्याच्या तारखा पडल्या, वावरातून भराव गेला. शकुंतला तोवर बंद पडली होती, आणि यवतमाळला रुळावरची गाडी उरली नव्हती. वर्ध्याहून देवळी, भिडी करत रूळ कळंबपर्यंत आले. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळच्या सभेतून वर्धा-कळंब गाडीला हिरवी झेंडी दाखवली. पुढचं काम तेव्हा चालूच होतं. म्हणजे १९०३ साली ज्या यवतमाळने रूळ नेले, त्याच यवतमाळच्या माणसाला मोठ्या रुळाची गाडी धरायची तर कळंबला यायची पाळी आली. आबाजी हवे होते. त्यांनी गावभर सांगितलं असतं.

गाडीने फार उलथापालथ झाली असं मी म्हणणार नाही. पण प्लॉटवाल्यांच्या जाहिरातीत 'बस स्टँडपासून' च्या जागी 'स्टेशनपासून' आलं. माझी पुतणी नर्सिंगला वर्ध्याला गेली. आमच्या घरात पोटासाठी किंवा शिक्षणासाठी यवतमाळकडे पाठ करून निघालेली ती पहिली.

तिला भेटायला म्हणून वडील एकदा त्या गाडीने वर्ध्याला गेले. वय पंचाहत्तरीपार, मी सोबत. डबा मोकळा होता. त्यांनी सवयीने फलाटावरून खिडकीतून रुमाल आत टाकला, मग आत जाऊन त्या बाकावर ऐसपैस बसले. नदीच्या पुलावर उभं राहून खाली पाहिलं. भिडीला चढलेल्या एका गृहस्थाला कोणत्या कचेरीत असता, साहेब कोण, निवृत्तीला किती राहिली हे सगळं विचारून झालं. देवळी येईस्तोवर त्यांची ओळख निघाली. त्याचा सासरा वडिलांच्या बसमधला, मागच्या बाकावरचा, अग्रलेखवाला. वर्ध्याला उतरल्यावर मी बाहेर रिक्षा पाहत होतो, तर वडील मागे दिसेनात. बघतो तर तिकीट खिडकीशी वाकून उभे, आणि आतल्या पोराला विचारतायत, "महिन्याचा पास कसा आहे हो इथं? वीस दिवसाचाच हिशेब, का तुमचा येगळा?"